अप्पांची मराठी सही

मृत्युपत्र कसं लिहावं हे विचारायला माझ्याकडे अजूनही लोक येतात. लातुरात एका वकीलसाहेबांकडे मी उभा जन्म मुन्शी म्हणून काढला. अर्ज लिहिले, तारखा सांभाळल्या, टाईप करून करून बोटं वाकडी करून घेतली. त्यामुळे लोकांना वाटतं याला सगळं कळतं. मीही शहाण्याचा आव आणून सांगतो. साक्षीदार आपल्यापेक्षा वयानं लहान घ्या, म्हणजे तुमच्यामागे कोर्टात यायला ते जिवंत असतील. डॉक्टरचा दाखला त्याच दिवशीचा घ्या. पानापानावर सही करा. आणि सही कराल ती रोजची करा. सोसायटीत करता ती, तलाठ्याकडे करता ती. त्या दिवसापुरती नवी, ठसठशीत, सुंदर सही करायला जाऊ नका.

हे शेवटचं मी जरा जास्तच आवाज चढवून बोलतो. लोक मान डोलावतात, चहा पितात आणि जातात. माझ्या हातचं पहिलं मृत्युपत्र कोर्टानं फेटाळलं आणि त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचं रान गेलं, हे मी कुणाला सांगत नाही. आपल्याच दुकानाला आपण कुलूप कशाला लावायचं?

आमचं गाव निलंग्याहून शिरूर अनंतपाळकडं जाताना लागतं. आम्ही तिघं भावंडं. थोरले अण्णा, मधली अक्का आणि शेंडेफळ मी. आई, म्हणजे आमची अव्वा, मला नीट आठवतही नाही एवढी लवकर गेली. वडील, अप्पा, निजामी अमलात तहसील कचेरीत मोहरीर होते. मोहरीर म्हणजे कारकूनच, पण अप्पांच्या तोंडी त्या शब्दाला जो रुबाब यायचा तो कारकुनाला कुठला! त्यांचं सगळं शिक्षण उर्दूत झालेलं. निजाम गेला, पुढं कचेरीचा कारभार मराठीत आला, तेव्हा अप्पांनी रुमाल झटकून खांद्यावर टाकला आणि घरी येऊन शेती धरली. मराठी ते सावकाश वाचायचे, पेपर वाचायचे, पोथी वाचायचे. पण हातात लेखणी आली की उर्दू. सही तर उर्दूच. उजवीकडून सुरू करून एका दमात डावीकडं न्यायची आणि शेवटी वर एक झोकदार वळसा. गावात चार-दोन मुसलमान घरं सोडली तर ती वाचता कुणालाच येत नव्हती, पण ही सही अप्पांची, हे शेंबडं पोरगंही सांगायचं.

अक्काला उदगीरकडं दिली होती. दोन वर्षांत नवऱ्यानं दुसरी आणली आणि अक्का एक पत्र्याची पेटी घेऊन परत आली. ती आली तेच साल दुष्काळाचं होतं. विहिरींना तळ दिसत होता, जनावरं दावणीला बसली ती उठत नव्हती. अण्णांनी चार दिवस आभाळाकडं बघितलं आणि बायको-लेकरं घेऊन भोकरला सासुरवाडी गाठली. तिकडं म्हणे काम होतं. इकडंही होतंच की. गावच्या शिवारात पाझर तलावाचं काम निघालं होतं आणि अक्का तिथं दिवसभर उन्हात बसून खडी फोडत होती. मजुरी मिळायची, वर सुकडी, म्हणजे सरकारी कोरडा खाऊ मिळायचा. मी तेव्हा लातुरात वसतिगृहात राहून मॅट्रिकला होतो. रविवारी मी गावी आलो की ती सुकडीचं गाठोडं माझ्या पिशवीत घालायची आणि स्वतः रेशनवरच्या लाल मिलोची, त्या परदेशी ज्वारीची, भाकर पाण्याबरोबर गिळायची. माझं मॅट्रिक त्या खडीवर झालं, हे मी मान्य करतो. मान्य करण्यापलीकडं मी तिच्यासाठी जे केलं ते आता सांगतो.

त्याच सालात अप्पांनी आणि तिनं विहीर खोल केली. तलावाच्या कामावरून आली की अक्का पदर खोचून विहिरीत उतरायची. अप्पा दोन गड्यांबरोबर मुरूम खणायचे, ती पाट्या भरून वर पाठवायची. दोन महिने हेच. शेवटी खालून झरा लागला, आणि अप्पा म्हणे विहिरीतच बसून लहान लेकरासारखे रडले. तेव्हापासून त्या तीन एकराला गावात अक्काच्या विहिरीचं रान म्हणायला लागले. पाऊस पडला तसे अण्णा भोकरहून परत आले. आल्या आल्या विहिरीत डोकावून म्हणाले, "बरं पाणी लागलंय की."

नंतरची दहा वर्षं अक्कानं ते रान पिकवलं. पण अण्णांचं एक पालुपद कायम असायचं, जेवताना, सणावाराला, पाहुण्यांदेखत. लेकीचं माहेर आई-बापापुरतं. अक्का ऐकून न ऐकल्यासारखं करायची. अप्पा ऐकत होते.

मग लातूर जिल्हा झाला. तोवर आमचं कोर्ट-कचेरी सगळं उस्मानाबादला. आता लातुरात नव्या पाट्या रंगल्या, जिल्ह्याची मोठी मोठी कार्यालयं भाड्याच्या खोल्यांत थाटली, आणि मी नुकताच मुन्शी म्हणून चिकटलेला. माझी छाती अशी फुगली होती जणू जिल्हा मीच करून आणला. गावी गेलो की पारावर बसून कलमं सांगायचो. अशाच एका सुट्टीच्या दिवशी अप्पांनी मला विहिरीवर नेलं आणि म्हणाले, "वसीयत लिहायची हाय. तू लिही."

"काय लिहायचं?"

"हे तीन एकर, ही विहीर अन् अक्का राहती ती खोली, हे तिला. राहिलेलं तुम्हा दोघा भावाला निम्मंनिम्मं. मी गेल्यावर हिला कुणी ऊठ म्हणू नये. एवढंच बघ, बाकी काय बी लिही."

"अण्णाला सांगायचं?"

"येड्या, सांगितलं तर मी हाय तवरच हिला खाऊ घालायचा न्हाई तो."

एवढंच बघ, असं अप्पा म्हणाले होते. मी मात्र सगळंच बघितलं. तीन वेळा कच्चा मसुदा केला. गट नंबर, चतुःसीमा, विहिरीच्या पाण्याचा हक्क, रानात जायची वाट, सगळं आलं. अक्काला जास्त का, मुलांना कमी का, याची कारणं घातली. निलंग्याच्या डॉक्टरला गावी आणून दाखला घेतला. साक्षीला गावचे निवृत्त गुरुजी आणि एक किराणा दुकानदार ठरवला. नोंदणी मात्र केली नाही. निलंग्याच्या नोंदणी कचेरीबाहेर दस्त लिहायला अण्णांचा साडू बसायचा, त्याच्या डोळ्यांखालून काही सुटलं नसतं. कायद्यानं मृत्युपत्राच्या नोंदणीची सक्ती नाही, हे मला पाठ होतं.

आणि मग मला ती अक्कल सुचली. मला वाटलं, अप्पांची सही उर्दूत. उद्या कोर्टात वेळ आली तर ती वाचणार कोण? नवा जिल्हा, नवे न्यायाधीश, पुण्याकडचा कुणी आला तर विचारेल हे काय काढलंय. मजकूर मराठीत आणि सही उर्दूत, म्हणजे या माणसाला मराठी कळत होतं का, अशीच शंका आधी निघायची. शंकेला जागाच नको. मी अप्पांना म्हणालो, सही मराठीत करा.

अप्पा म्हणाले, "चाळीस वर्षं हेच दस्कत हाय माझं."

"अप्पा, आता निजाम न्हाई राहिला. जिल्हा नवा हाय."

हे मी बोललो, ज्या माणसानं निजामाच्या कचेरीत दहा वर्षं काढली त्याला. आज ते वाक्य आठवलं की स्वतःच्या मुस्काटात मारून घ्यावीशी वाटते. अप्पा रागावले नाहीत. त्यांना माझा अभिमान होता, तो त्यांचा दोष. शिकलेलं पोरगं म्हणतंय तर असेल, असं म्हणून त्यांनी जुन्या कॅलेंडरची पानं काढली आणि त्यांच्या पाठीवर आपलं नाव मराठीत गिरवायला बसले.

आठ दिवस ते दुपारी ओट्यावर बसून गिरवत होते. मधलं अक्षर त्यांना जमेना, मोठं व्हायचं. एका दुपारी अण्णा रानातून आले, थांबले आणि हसायला लागले. "काय अप्पा, म्हातारपणी शाळंत घालायचं का तुम्हाला?" मी घाईघाईनं म्हणालो, नव्या जिल्ह्यात सगळ्या कागदांवर मराठीत सही लागणार हाय म्हणून करायलेत. अण्णांना ते पटलं. एवढंच नाही, त्यांनी अप्पांच्या हातातून पेन घेतलं, "असं न्हाई, वरची रेघ आधी वढा," म्हणत स्वतः एकदा ते नाव लिहून दाखवलं. ओट्यावर आम्ही तिघंही हसलो. बाप आणि दोन लेक एकत्र हसल्याची माझ्याकडची ती शेवटची आठवण आहे.

सहीच्या दिवशी अप्पांनी अंघोळ केली, कपाळाला विभूती लावली, धुतलेलं धोतर नेसले. अण्णा निलंग्याच्या बाजाराला गेलेले. गुरुजी आणि दुकानदार सतरंजीवर बसले. मी सगळा कागद मोठ्यानं वाचून दाखवला. अप्पांनी पेन घेतलं आणि त्यांचा हात सवयीनं कागदाच्या उजव्या कडेला गेला. तिथं थांबला. मग त्यांनी तो उचलून डावीकडं आणला आणि एकेक अक्षर काढलं, पहिलीतल्या मुलानं काढावं तसं. मी शेजारी बसून कागद हलू नये म्हणून धरला होता. झाल्यावर अप्पांनी सहीकडं बघितलं. त्यांना ती आपली वाटेना, हे तोंडावर दिसत होतं.

"माझी बी एक करू का खाली?" त्यांनी मला विचारलं.

"नको अप्पा," मी म्हणालो, "कागद खराब दिसंल."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. गुरुजींनी आणि दुकानदारानं साक्षीच्या सह्या केल्या, अक्कानं चहा आणला आणि कागद माझ्या ट्रंकेत लातूरला गेला. गिरवलेली कॅलेंडरची पानं मी चुलीत घालायला हवी होती. पण कोरा कागद टाकून देणाऱ्यातलं आमचं घर नव्हतं, आणि एका बाजूनं गिरवलेला कागद अक्काच्या हिशेबी कोराच होता. तिनं ती पानं फडताळात डब्यांखाली अंथरली.

अप्पा त्यानंतर चार-पाच वर्षं जगले. सह्या मात्र पुढं सगळीकडं उर्दूतच करत राहिले. मी एकदा टोकलं तर म्हणाले, "ते तुझ्या कागदापुरतं होतं रे." ते गेले तेव्हा आमच्या लिंगायत रिवाजाप्रमाणं त्यांना आपल्याच रानात बसवून माती दिली, विहिरीपासून वीस पावलांवर. जागा अक्कानं दाखवली.

दिवसकार्य उरकलं आणि अण्णांनी हक्कसोडीचा विषय काढला. आमच्याकडं बाप गेला की बहिणी निलंग्याला जाऊन वडिलांच्या इस्टेटीतला आपला हक्क भावांना सोडल्याचं लिहून देतात. भाऊ साडीचोळी करतो आणि माहेर शाबूत राहतं. न देणारी बहीण म्हणजे भावाच्या मुळावर उठलेली. अक्कानं माझ्याकडं बघितलं. मृत्युपत्राचं तिला, मला आणि दोन्ही साक्षीदारांनाच माहीत होतं.

मी तिला बाजूला घेतलं. "दे लिहून," म्हणालो. "तुझं विहिरीचं रान अप्पांनी वेगळं लिहून ठिवलंय. बाकीच्यात तुला काय करायचंय? अण्णा खूश होतील, अन् मग मी सबुरीनं आपला कागद काढतो. भांडण न होता काम होईल."

"तू म्हणतोस तर देते," अक्का म्हणाली. तिला लिहायला येत नव्हतं. निलंग्याला जाऊन तिनं अंगठा दिला. अण्णांनी इरकल घेतली तिला, चांगली काठाची.

आता हे नीट समजून घ्या, मला समजायला उशीर झाला म्हणून सांगतो. अप्पांनी काहीच लिहिलं नसतं, तर कायद्यानं लेक म्हणून अक्काला त्यांच्या मिळकतीत वाटा होताच. तो वाटा मी तिच्याच अंगठ्यानं सोडायला लावला. आता तिच्याकडं उरला होता फक्त माझ्या ट्रंकेतला कागद.

महिन्यानं तो मी अण्णांपुढं ठेवला. त्यांनी दोनदा वाचला. शेवटच्या पानावर बराच वेळ थांबले. मग अगदी शांतपणे म्हणाले, "ही सही अप्पाची न्हाई."

"अण्णा, तुम्ही स्वतः त्यांना रेघ वढून दाखवली होती."

"ते नव्या जिल्ह्याच्या कागदासाठी होतं. तूच म्हणालास." आणि ते उठून आत गेले.

वकीलसाहेबांनी सल्ला दिला, आपल्याकडं प्रोबेटची सक्ती नाही, पण जिल्हा कोर्टाकडून मृत्युपत्र एकदा शाबीत करून घेतलं की कुणाची बोलायची टाप नाही. अर्ज केला. अण्णांनी हरकत घेतली आणि अर्जाचा दावा झाला. तारखांची वर्षं सुरू झाली. अक्का एसटीनं यायची, फडक्यात भाकर बांधून. कोर्टाच्या आवारात सावलीला बसायची. मी त्याच आवारात दुसऱ्यांच्या फायली काखोटीला मारून हिंडत असायचो. तेवढ्या काळात दुकानदार साक्षीदार वारला. गुरुजी राहिले.

मग एका तारखेला अण्णांच्या वकिलानं कॅलेंडरची पानं काढली. अण्णांनी ती फडताळातून, तुरीच्या डाळीच्या डब्याखालून काढून नेली होती. एकच नाव, चाळीस-पन्नास वेळा गिरवलेलं. सही जमवण्यासाठी कुणीतरी सराव केल्याचा याहून ढळढळीत पुरावा कुठला? त्यातली एक ओळ अण्णांच्याच हातची होती. मी बोट ठेवून दाखवली. अण्णा म्हणाले, मला माहीत न्हाई.

माझी उलटतपासणी फार वेळ चालली नाही. मयत इसम याआधी कधी मराठीत सही करत होते का? नाही. यानंतर? नाही. ही सही त्यांना कुणी शिकवली? मी. थोरल्या भावाला काय कारण सांगितलं? नव्या जिल्ह्यात लागते असं. म्हणजे खोटं सांगितलं? होय. मृत्युपत्र कुणी लिहिलं? मी. वकील हसला आणि खाली बसला. माझं एकही उत्तर खोटं नव्हतं.

गुरुजींची साक्ष आमची शेवटची आशा. त्यांनी सांगितलं, सही माझ्यासमोर झाली, अप्पा शुद्धीवर होते, राजीखुशीनं केली. मग समोरच्यानं विचारलं, चाळीस वर्षांच्या ओळखीत त्यांना मराठीत सही करताना कधी पाहिलं? गुरुजी म्हणाले, नाही. त्या दिवशी शेजारी कोण होतं? धाकटा मुलगा. कागद कुणी धरला होता? त्यानंच. सही करताना ते अडखळले का? गुरुजींनी चष्मा काढला, पुसला. म्हणाले, होय, आधी हात दुसरीकडंच गेला होता, मग डावीकडं आणला. बाहेर आल्यावर त्यांनी माझा हात धरला. "खोटं कसं बोलू रे, लेकरा?" मी हात सोडवून घेतला. तेव्हा मला त्या भल्या माणसाचा अण्णांपेक्षा जास्त राग आला होता, आणि त्या रागाची आजही मला लाज वाटते.

निकालात लिहिलं होतं की मृत्युपत्राभोवतीच्या संशयास्पद परिस्थितीचं निरसन अर्जदार करू शकली नाही. ताडून बघायला मयताची दुसरी मराठी सही उपलब्ध नाही. शिवाय अर्जदारानं आपला हक्क आधीच नोंदणीकृत दस्तानं सोडलेला आहे. निकालाची नक्कल मीच काढून घरी आणली. वकीलसाहेब म्हणाले, "गाढवा, दोन्ही सह्या घ्यायच्या होत्यास. वर मराठी, खाली उर्दू. एवढं साधं सुचू नये?" अप्पांना ते सुचलं होतं, हे मी त्यांना सांगितलं नाही.

औरंगाबादला हायकोर्टात जाऊ म्हणालो तर अक्का म्हणाली, "बस झालं आता. अजून किती उन्हात बसवशील?" आम्हा भावांच्या वाटणीत विहिरीचं रान आणि ती खोली अण्णांकडं गेली, माझ्या वाट्याचा कोरडवाहू तुकडा दाव्याच्या खर्चात गेला. अण्णांनी तिला खोलीतून काढताना आवाजही चढवला नाही. फक्त म्हणाले, रान आता माझं पोरगं करणार हाय. अक्का आली होती तशीच, पत्र्याची पेटी घेऊन, लातूरला माझ्या दोन खोल्यांत आली. माझ्या बायकोनं तिला कधी दुखवलं नाही. पण दुसऱ्याच्या ताटावर बसणारी बाई नव्हती ती. शिकायला आलेल्या पोरांच्या एका खानावळीत ती भाकरी करायला लागली. वीस वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना भाकरी थापल्या. अप्पांच्या समाधीवर दिवा लावायला वर्षातून एकदा जायची, ते अण्णांच्या सुनेला विचारून. या सगळ्यात मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या उन्हाळ्यात अक्कानं अंथरूण धरलं. एका सकाळी मला जवळ बोलावून म्हणाली, "माझं बी एक लिही."

"काय लिहू? काय हाय तुझ्याजवळ?"

"काय न्हाई. एवढंच लिही, की मला अप्पाच्या शेजारी माती द्यावी. विहिरीकडच्या अंगाला. त्याला दोन हात जागा लागती, जास्त न्हाई."

अशा इच्छेला कायद्यात काही जोर नाही, हे मला ठाऊक होतं. तरी मी लिहिलं. आयुष्यभरात जेवढं शिकलो ते सगळं त्या एका पानात ओतलं. डॉक्टर आणला. शेजारचे दोन तिशीतले तरुण साक्षीला घेतले. कागद तिला वाचून दाखवला, समजला का विचारलं, तिच्या भाच्याला म्हणजे माझ्या मुलाला मोबाईलवर सगळं चित्रित करायला लावलं. मग शाईचा पॅड पुढं केला. तिनं अंगठा टेकवला आणि माझ्याकडं बघून थोडं हसली.

"अजून एक करू का खाली?" तिनं विचारलं.

अप्पांनी सही केली त्या दिवशी ती दाराआड चहा गाळत उभी होती. तिनं ऐकलं होतं. सगळी वर्षं तिला माहीत होतं. मी पॅड हातात घेऊन तिच्यासमोर रडलो. ती म्हणाली, "उगं रडू नको, कागद भिजंल."

चौथ्या दिवशी ती गेली.

आम्ही तिला टेम्पोतून गावी नेलं. अण्णा रानाच्या बांधावर काठी टेकून उभे होते, शेजारी त्यांची दोन मुलं. विहीर कोरडी पडली होती, तरी तिच्यावर जाळी टाकून कुलूप लावलेलं होतं. अप्पांच्या समाधीशेजारी जागा मोकळी होती. मी कागद पुढं केला. अण्णांनी चष्मा लावून सावकाश वाचला, जसा पहिला वाचला होता तसाच.

"अंगठा हाय," ते म्हणाले. "कशावरून तिचाच?"

मी जन्मात अण्णांना अरे-तुरे केलं नव्हतं. "ती टेम्पोत हाय," मी म्हणालो. "जा, बघून घे."

ते जागचे हलले नाहीत. कागद घडी करून माझ्या हातात दिला आणि मुलाला म्हणाले, वाट आडव. गावातले चार लोक मध्ये पडले, बोलले, थकले. ऊन चढत होतं. मग आम्ही टेम्पो वळवला. अक्काला लातूरच्या रुद्रभूमीत, लिंगायतांच्या दफनभूमीत, माती दिली.

परतीच्या वाटेवर मी मागं तिच्याजवळ बसलो होतो. तिच्या अंगठ्याच्या नखाच्या कडेला निळी शाई तशीच होती. मी रुमालाचं टोक बाटलीतल्या पाण्यानं भिजवलं आणि पुसायला लागलो. निलंगा मागं पडेपर्यंत पुसत होतो. ती निघाली नाही.